पाचवीची खोली

माझ्या सगळ्या नोकरीत माझी सर्वांत जास्त पेनं कुणी नेली असतील तर सटवाईनं. चेष्टा नाही. निपाणीच्या आमच्या दवाखान्यात मी बाळंतपणाच्या वॉर्डाची सिस्टर होते, आणि कुणाचं बाळ पाच दिवसांचं झालं की त्याची आजी हळूच टेबलापाशी येऊन म्हणायची, "सिस्टरबाई, जरा पेन देता का? आन एक कोरा कागुद." कशाला, म्हणून विचारायची गरज नसे. पाचवीच्या संध्याकाळी पाटा-वरवंटा पुजायचा, त्याच्यापुढं कोरा कागद आणि पेन ठेवायचं, म्हणजे सटवाई येते आणि पोराचं नशीब लिहून जाते. नशीब ती कपाळावर लिहिते, पेन मात्र बरोबर घेऊन जाते. निदान माझं तरी कधी परत आलं नाही.

मी स्वतः यातलं काही मानत नाही. आम्ही बौद्ध. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत घालून वेदगंगेत सोडले. त्यात सटवाईचा शेंदूर फासलेला दगडही होता. आबा तंबाखूच्या वखारीत हमाल होते. पोती वाहून त्यांनी मला शिकवलं, बेळगावला नर्सिंगला घातलं. माझं नशीब कुणी लिहिलं असेल तर आबांच्या पाठीनं, असं मी अजूनही लोकांना ऐकवते. आणि अशा बाईनं, म्हणजे मी, भर मीटिंगमध्ये उभं राहून सटवाईसाठी खोली मागितली. आबांनी मला तेव्हा काय काय ऐकवलं ते पुढं येईलच.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आमचा दवाखाना गावानं उभा केलेला. तंबाखूचे व्यापारी, शिक्षक, वकील अशी कमिटी होती आणि चेअरमन होते आप्पा, मोठे वखारवाले, तोंडात पान आणि कपाळावर कायम आठी. दवाखाना बांधला तेव्हा ऐसपैस वाटायचा म्हणे. मी रुजू झाले तेव्हा वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती. खाटांवर बायका, दोन खाटांच्या मध्ये सतरंजीवर बायका, आणि खाटांच्या दांड्यांना लुगड्याच्या झोळ्या बांधून त्यात पोरं. सलाईनची बाटली घेऊन चालताना मी एका हातानं साडी सावरत असे, नाहीतर कुणाच्या तरी बोटांवर पाय पडायचा. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं कागल, गडहिंग्लज, इचलकरंजीकडं दिलेल्या पोरी दिवस भरले की आमच्याकडं. सासर महाराष्ट्रात, माहेर कर्नाटकात आणि बाळंतपण आमच्या डोक्यावर!

शेवटी कमिटीनं वॉर्ड वाढवायचं ठरवलं आणि बेळगावच्या कॅम्पातून पिंटोसाहेब नावाच्या आर्किटेक्टना बोलावलं. उंच, किडकिडीत माणूस, खिशाला नेहमी दोन पेन्सिली. माझ्या पेनांचं रडगाणं ऐकून त्यांनी मला सांगितलं, "सिस्टर, पेन्सिल वापरा. सटवाईला पेन्सिल चालत नसेल." मला माणूस तिथंच आवडला.

लोकांना वाटतं, दवाखाना वाढवायचा म्हणजे दोन खोल्या जास्त काढायच्या. तसं नसतं. पिंटोसाहेबांनी मला ते फार सोपं करून सांगितलं. खाट म्हणजे एस.टी.तली सीट. गाडीत किती माणसं चढली यापेक्षा प्रत्येक माणूस कुठवर बसून राहतो हे बघायचं. निपाणीला चढलेला संकेश्वरला उतरला, तर तीच सीट बेळगावपर्यंत आणखी एकाला मिळते. त्यावरून सीटा किती लागतील ते काढायचं.

"शिजर झालेली बाई किती दिवस राहते?" त्यांनी विचारलं.

"टाके निघेपर्यंत राहायला पाहिजे. आठवडा तरी."

"राहायला पाहिजे ते नको. राहते किती?"

"पाचव्या दिवशी जाते," मी म्हटलं. "पाचवी घरी पुजायची असते ना."

त्यांनी पाच लिहून घेतलं आणि हिशेब केला. खाटा फारशा वाढवायला लागणार नाहीत, असं निघालं. कमिटी खूष झाली. आप्पांची आठीसुद्धा थोडी सैल झाली.

दुसऱ्या दिवशी पिंटोसाहेब टेप घेऊन मागच्या व्हरांड्यात गेले आणि तिथंच थबकले. तिथं आमच्या आणखी बायका होत्या. तापानं फणफणलेल्या, पोटावर पट्ट्या, कुशीत किरकिरी पोरं.

"ह्या कोण?"

"ह्या त्याच," मी म्हटलं. "पाचव्या दिवशी गेलेल्या. बैलगाडीतून गेल्या, पाट्यापुढं वाकल्या, टाके सुटले, जखम चिघळली. आता महिनामहिना हलत नाहीत."

पिंटोसाहेब स्टुलावर बसले. "म्हणजे माझ्या हिशेबात ह्या उतरून गेल्या, आणि पुढच्या स्टॉपला परत चढल्या," ते स्वतःशीच म्हणाले. आम्हाला काय हे माहीत नव्हतं? रोज डोळ्यांपुढं होतं. पण आमच्या दृष्टीनं तो अडाणीपणा होता, बायकांवर ओरडायचा विषय होता. वॉर्डातली निम्मी गर्दी त्यामुळंच आहे, असं कुणी मांडून बघितलं नव्हतं. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरबाईंनीही नाही आणि मीही नाही.

व्हरांड्यातल्या सगळ्याच बऱ्या होऊन जात नसत. रुक्मिणी नावाची एक पोर होती, हौसाक्काची थोरली लेक. हौसाक्का वखारीत तंबाखू निवडायची, आवाज असा की रस्त्याच्या पलीकडं ऐकू जावा. रुक्मीचं शिजर झालं. पाचव्या दिवशी हौसाक्का गाडी घेऊन हजर. डॉक्टरबाई रागावल्या, मी हातापाया पडले, पण ती ऐकेना. आठवड्यानं रुक्मीला परत आणलं ते अंग भट्टीसारखं तापलेलं. जखमेतलं विष रक्तात गेलं होतं. आम्ही खूप धडपडलो. पोर गेली. तिचं हसणं मला आजही आठवतं, आणि आठवलं की जीव तुटतो.

आता कुणालाही वाटेल, हौसाक्का शहाणी झाली असेल. कसलं काय! तिच्या मनानं उलटंच घेतलं. गाडी यायला त्या दिवशी उशीर झाला, घरी पोचेपर्यंत अंधार पडला, पूजा घाईत उरकली, म्हणून सटवाई कोपली. हे ती वखारीत सगळ्यांना सांगायची आणि सांगताना रडायची. आणि तिची धाकटी लेक कमळ तेव्हा गडहिंग्लजकडच्या सासरी गरोदर होती.

मग ती मीटिंग झाली. डॉक्टरबाईंचं म्हणणं, गेटला कुलूप घाला. पिंटोसाहेब म्हणाले, परत येणाऱ्यांसाठी वेगळा वॉर्ड काढावा लागेल. मी उभी राहिले आणि म्हटलं, "पाचवी इथंच होऊ द्या. वॉर्डाच्या टोकाला एक खोली काढा."

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला. "वॉर्डात दिवे लावून चादर पेटवली होती मागं, विसरलात? आणि आज सटवाईला खोली दिली की उद्या म्हसोबाला मागतील!"

"म्हसोबा टाके सोडवत नाही, बाई," मी म्हटलं. "वॉर्डात दिवा नको, फिनेलनं पुसलेल्या फरशीवर पूजा नको, हे खरंच. म्हणूनच वेगळी खोली मागतेय."

आप्पांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. "सिस्टर, तुम्ही तर बौद्ध. तुम्हाला काय पडलंय सटवाईचं?"

"मला सटवाईचं काही पडलेलं नाही. मला टाक्यांचं पडलंय."

मग पिंटोसाहेब खाकरून म्हणाले, "आमच्या घरीसुद्धा बाळाच्या सहाव्या दिवशी आई काहीतरी करायची. पाद्रीबाबांना न सांगता." आणि त्यांनी कागद ओढून पेन्सिलीनं खोली काढायलाच घेतली. खाली शहाबादी फरशी, दिव्यांसाठी भिंतीत कोनाडा, धूर जायला वर धुराडं, शेजारी बाळंतिणीचं पाणी तापवायला चूल. आजी आत जाईल, पूजा करील, बाळंतीण मात्र खाटेवरूनच हात जोडील, ही अट माझी. त्यावर वॉर्डातली एक बाई म्हणाली होती ते मी त्यांना सांगितलं: दिवा दिसला नाही तर पूजा झाली असं मनाला वाटणार कसं? त्यांनी दार खाटांच्या रांगेसमोर आणलं, म्हणजे कुठल्याही खाटेवरून कोनाडा दिसेल. त्यासाठी अख्ख्या वॉर्डाची रांग फिरवली. त्या माणसाची ही गोष्ट मी कधी विसरणार नाही. डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या, "करून बघा. टाके टिकले तर मी स्वतः तेल घालीन त्या दिव्यात."

घरी आबांना सांगितलं. आबा भाकरी मोडत होते, तो हात तसाच राहिला.

"मी जिला घराबाहेर काढली, तिला तू दवाखान्यात खोली बांधून देतीस?"

"आबा, बायका मरतात हो."

"मग त्यास्नी शिकवा की! दगडाफुडं वाकून टाकं सुटत्यात, तर दगड सोडा म्हणावं. आम्ही सोडला न्हाय व्हय? आम्हास्नी काय भ्या वाटलं न्हवतं?"

त्यांचं चुकत होतं का? अजिबात नाही. तीच तर माझी पंचाईत होती. आबांनी एका दिवसात जे टाकलं ते दुसऱ्यांनी टाकेपर्यंत किती पोरी जातील, एवढंच माझं म्हणणं. ते मला धड मांडता आलं नाही. त्या दिवसापासून आबा माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. संध्याकाळची ड्यूटी असली की माझा डबा मात्र न चुकता आणायचे. दवाखान्याच्या पायरीवर डबा ठेवायचे, खाकरायचे आणि वळायचे.

बांधकाम सुरू झालं. संकेश्वरकडचा मेस्त्री होता, कशालाही "माडोण री" म्हणायचा, म्हणजे करू या, आणि आपल्या सवडीनं करायचा. खोलीवर स्लॅब पडला होता, फरशी बसली होती, पण चौकटीला दार नव्हतं, भिंतींना गिलावा नव्हता आणि कोपऱ्यात वाळूचा ढीग होता. तशात कमळ आली.

दोन दिवस कळा देऊन पोर अडली आणि शिजर करावं लागलं. मुलगा झाला. आता हौसाक्का काय करणार हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं. तरी मी पहिल्या दिवसापासून तिच्या मागं लागले. नवी खोली दाखवली, कोनाडा दाखवला, कमळच्या खाटेवर बसवून दिवा कसा दिसेल तेही दाखवलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बगू." तिच्या "बगू"चा अर्थ मला कळत होता. पाचव्या दिवशी तिसऱ्या प्रहरीच गेटापाशी टेम्पो उभा राहिला.

मी तिच्यापुढं हात जोडले. "हौसाक्का, एका लेकीचं झालं. हिला नको नेऊ."

"थोरलीचं उशिरानं झालं म्हणून झालं," ती म्हणाली. "आता हितं करतो म्हणतीस, तर कर. पाटा कुटं हाय?"

पाटा! धुराडं सुचलं, कोनाडा सुचला, फरशीचा उतार सुचला, अख्ख्या वॉर्डाची रांग फिरवून झाली, आणि ज्याची पूजा करायची तो पाटा आणायचा कुणालाच सुचला नव्हता. एक बौद्ध, एक ख्रिश्चन आणि एक देव न मानणारी डॉक्टरीण, आम्ही तिघांनी मिळून पाचवीची खोली काढलेली. दुसरं काय होणार?

आयाबाईला शेजारच्या घरांत पिटाळलं. ती हात हलवत परत आली. दिवे लागायच्या वेळेला घरातला पाटा कुणी बाहेर देत नाही. लक्ष्मी जाते म्हणे. आप्पांच्या घरूनही तेच उत्तर आलं. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. हौसाक्का गाठोडी बांधू लागली, कमळ खाटेवर पोट धरून रडत होती, आणि डॉक्टरबाई ऑपरेशनमध्ये अडकलेल्या. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ओरडू?

तेवढ्यात पायरीवर कुणीतरी खाकरलं. आबा डबा घेऊन आले होते. दारातून त्यांना आमचं सगळं ऐकू गेलं असणार. डबा ठेवून ते वळले आणि तरातरा निघून गेले. मला वाटलं, राग आला. येणारच. मीही मग टेम्पोवाल्याशी भांडायला गेटापाशी गेले. बाई अशा रस्त्यानं हादरत गेली तर काय होईल ते त्याला सांगत बसले, तेवढाच वेळ जावा म्हणून.

थोड्या वेळानं बघते तर आबा येताहेत. खांद्यावर पोतं, पोत्यावर आमच्या घरचा पाटा, आणि वरवंटा काखेत. वखार सोडून वर्षं झाली होती, तरी चाल तीच, गुडघ्यात किंचित वाकून. सरळ आत आले, नव्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि पाटा आत फरशीवर अलगद टेकवला. पाय मात्र आत ठेवला नाही.

हौसाक्का बघतच राहिली. दोघं एकाच वखारीतले. वखारीत पाण्याचा माठ आमच्या वस्तीतल्या हमालांना शिवू देत नसत, आबा ओंजळ धरायचे आणि हौसाक्कासारख्या बायका वरून पाणी सोडायच्या. हे आबांनी मला लहानपणी सांगितलेलं.

"शिदू? तुझ्या घरचा पाटा?"

"व्हय, माज्याच घरचा. धुवून आणलाय," आबा म्हणाले. "पायजे तर पूज, नको असंल तर टेम्पो हुबा हाय. पर टाकं सुटलं तर शिदूनं सांगितलं न्हवतं म्हणू नगं." मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "आन तू. ह्यो सटवाईसाठी आणला न्हाय मी. ध्यानात ठेव."

हौसाक्का जागची हलेना. पाट्याकडं बघायची, गाठोड्याकडं बघायची. वॉर्डातल्या सगळ्या बायका कोपरावर उठून बसलेल्या. दुसऱ्याच्या घरचा पाटा, तोही आमच्या वस्तीतला. तिच्या भावकीत कळलं असतं तर काय बोलले असते लोक, याची मला कल्पना होती.

मग कमळचा आवाज आला. रडून बसलेला, बारीक.

"आई, रुक्मीच्या येळेला आपल्या घरचाच पाटा हुता की गं."

हौसाक्का मटकन खाली बसली. पदर तोंडात कोंबून रडली. मी जवळ गेले नाही, जाऊ नये असं वाटलं. मग ती उठली, हातपाय धुतले, कणकेचे दिवे केले, आणि आमच्या पाट्याला हळद लावली. कोनाड्यात दिवा ठेवल्यावर ती वळून लेकीकडं बघायला लागली. "दिसतोय का गं?"

"दिसतोय," कमळनं खाटेवरूनच हात जोडले. पाट्यापुढं कोरा कागद होता. पेन अर्थात माझं होतं.

बाहेर टेम्पो रिकामाच गेला. आबा पायरीवर बसून तंबाखू मळत होते. हौसाक्का हातात गूळ-खोबरं घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यापुढं धरलं.

"परसाद नगं मला," आबा म्हणाले. "मी घेत न्हाय त्यो."

ती गोंधळली. हात मागं घ्यावा की पुढं करावा, तिला कळेना. आबांनी तंबाखू झटकली.

"भाकरी असली तर दे. भूक लागलीया."

ती आत गेली, गाठोडं सोडलं आणि भाकरी-चटणी घेऊन आली. जवळ बसली आणि भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. वरून टाकली नाही, हातावर ठेवली. "खावा, अण्णा," म्हणाली. कैक वर्षं जिनं त्यांना शिदू म्हटलं तिच्या तोंडून अण्णा ऐकून आबांनी एकदा वर बघितलं आणि खाली मान घालून जेवायला लागले. मी दारात उभी होते. मला रडू आवरेना, म्हणून मी आत जाऊन उगाचच सलाईनच्या बाटल्या मोजत बसले.

पाटा परत न्यायचं आबांनी नाव काढलं नाही. आम्ही घरासाठी बाजारातून दुसरा आणला. डॉक्टरबाईंनी कबूल केल्याप्रमाणं त्या दिव्यात तेल घातलं, तेही सगळ्यांदेखत. मागचा व्हरांडा हळूहळू रिकामा होत गेला आणि पिंटोसाहेबांनी तिथं धुणं वाळत घालायला तारा बांधून दिल्या. आबांचं आणि माझं पाचवीवरून भांडण शेवटपर्यंत चालू राहिलं. त्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही, आणि मीही त्यांना कधी चला म्हटलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. कमळचे टाके काढायचा दिवस आला तेव्हा डॉक्टरबाईंना मी म्हटलं, हे मी काढते. हौसाक्का भिंतीकडं तोंड करून उभी होती, तिला बघवत नव्हतं. मी पट्टी सोडली. एकेक टाका ओढला. कमळनं एकदाच "आई गं" केलं, बस्स.

संध्याकाळी घरी आले तर आबा दारातच बसलेले.

"काढलं का टाकं?"

"काढले, आबा. जखम कोरडी आहे."

आबांनी मान हलवली आणि सरकून मला आत जायला वाट दिली. "जा, हातपाय धू," म्हणाले. "भाकरी टाकलीया."